तेवीस पाती

"पोत्यात काय हाय रं?"

अब्बांनी हातातली सायकल थांबवली. ती सायकल म्हणजे अर्धं दुकानच होतं. कॅरिअरवर धार लावायचं लहान चाक, त्यावर आडवं बांधलेलं पोतं. मी मागून चालत होते, काखेत माझं बोचकं. सकाळचे दहा वाजले असतील. हिवरदे फाट्यावर पोलिसांनी दोन पिंपं आडवी लावून नाकाबंदी केली होती.

"गिऱ्हाइकांचं सामान हाय, जमादारसाहेब," अब्बा म्हणाले. "सुरे, सत्तूर. धार लावायला घरी न्यायलोय."

"किती?"

"तेवीस."

हवालदार खोचरेनं शीळ घातली. "तेवीस! अरे, तेवढ्यात अख्खा तालुका कापून निघंल की."

फाट्यावरची माणसं हसली. वडापच्या जीपची वाट बघणारी आठ-दहा जण, टपरीवरचे दोन-तीन. दूध संस्थेचे चेअरमन रंगाअण्णा थोरवत मोटारसायकलला टेकून चहा पीत होते, तेही हसले. त्या पोत्यात त्यांचे स्वतःचे दोन सुरे होते. शिंगाची मूठ, मुठीला पितळी कडं. दोन दिवसांपूर्वी आम्ही गावाबाहेर पडताना त्यांनीच ते अब्बांच्या हातात दिले होते. "चांदभाई, जत्रंला पाच बकरी हायत, लोण्यातनं चालल्यावानी चालला पायजे," असं सांगून.

त्या आठवड्यात गावची जत्रा आणि आमची बकरी ईद लागून आली होती. चार गावांतली हिंदू-मुसलमान घरं धारेला देत होती. अब्बा शिकलगार. त्यांच्या बापाचा, आजाचा हाच धंदा. विळी-कात्री सायकलच्या चाकावर व्हायची, पण सत्तुराला घरचं मोठं चाक लागायचं. म्हणून गावोगाव फिरून गोळा करायचं आणि घरी आणून लावायचं. बायका अब्बांसमोर यायला लाजायच्या, म्हणून मी बरोबर असायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. जिल्ह्यात हत्यारबंदीचा हुकूम लागलाय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि नाकाबंदीला काहीतरी सापडलं पाहिजे असा खोचरेला वरून दट्ट्या होता, हे तर सांगणार कोण!

खोचरेनं पोतं सोडून डांबरावर उपडं केलं. खणखणाट झाला. मग तो उकिडवा बसला आणि एक-एक पातं उचलून त्याच्या धारेवरून अंगठा फिरवत गेला. मुठीपासून टोकापर्यंत, लांबीला. मला ते बघून हसू आलं होतं, अजून आठवतं. धार बघताना अंगठा पात्याला आडवा लावायचा, हे आमच्यात दुधाचे दात असलेल्या पोरालाही कळतं. लांबीला फिरवलं तर बोट जातं. पण त्याचं बोट गेलं नाही. तेवीसच्या तेवीस पात्यांवरून त्यानं अंगठा फिरवला आणि साधा ओरखडा उठला नाही.

"लई धारदार हायत," तो म्हणाला.

"धार आजून कुठं लावलीय, साहेब," अब्बा म्हणाले. "बोथट हायत, म्हणून तर—"

कानाखाली एवढ्या जोरात बसली की अब्बांची टोपी पिंपापर्यंत गेली.

"मला शिकवतोस? दंगलीचं सामान घेऊन फिरतोस आन मला शिकवतोस?"

अब्बांनी टोपी उचलली नाही. त्यांनी रंगाअण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तुमी सांगा की. तुमी तर जाणताय."

रंगाअण्णांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "मला काय म्हाईत, बाबा? मी आत्ताच आलोय."

"हिच्या बोचक्यात काय?" खोचरेनं काठी माझ्याकडे वळवली.

"कपडे हायत," मी म्हणाले.

"बघू."

मी दिलं नाही. त्यानं काठीच्या टोकानं ओढलं. दोन दिवस आम्ही आत्याच्या गावी होतो, त्यामुळे आत एक सलवार-कमीज होती, फणी होती आणि माझी पाळीची फडकी होती. धुतलेली, घडी केलेली. त्यानं त्यातलं एक काठीवर उचललं आणि फाट्याला दाखवलं.

"ह्ये काय, मुद्देमालात घ्यायचं का?"

फाटा हसला. मी माणसं म्हणत नाही, फाटा म्हणते. रंगाअण्णाही हसले. माझ्या बापानं मान खाली घातली आणि ती दोन-अडीच वर्षं वर आली नाही.

"चेअरमन, पंच म्हणून एक सही टाका," खोचरे म्हणाला.

रंगाअण्णांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. स्वतःचे दोन सुरे शिकलगाराची हत्यारं आहेत, अशा कागदावर. वाचला नाही म्हणावं तर माणूस बी.ए. झालेला.

अब्बा दोन दिवस कोठडीत होते. जामीन झाला, पण खटला उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला तर साठीला आलेला, दम्याचा माणूस तुरुंगात जाणार होता. ते तर होतंच. त्याहून वाईट म्हणजे, शिकलगाराचा धंदा भरवशावर चालतो. बाई आपल्या घरातली विळी, खाटीक आपला सुरा काढून देतो, आणि संध्याकाळी तो परत येणार हे त्याला ठाऊक असतं. ज्याच्यावर हत्यारांचा गुन्हा शाबीत झाला त्याच्या हातात कोण पातं देईल? खटला निकाली निघायच्या आधीच लोकांनी देणं बंद केलं होतं. मोठ्या चाकाचा पट्टा खुंटीवर वाळून कडक झाला. अब्बा सकाळी उठून त्याला तेल लावायचे आणि परत टांगायचे.

आमच्या वकील शिरगुप्पेबाई. तालुक्याच्या कोर्टात एकट्या बाई वकील, आवाज घोगरा, बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी फायल वाचली आणि म्हणाल्या, "यात काही नाही. एक माणूस येऊन म्हणू दे, की हा सुरा माझा, मी धारेला दिला होता. एक माणूस. खटला तिथंच पडतो."

तेवीस पात्यांची अठरा घरं होती. मी आणि अब्बा अठरा घरं फिरलो. मला अजून एकेक दार आठवतं. खाटकानं सांगितलं, माझा परवाना जाईल. मशिदीच्या कमिटीतला माणूस म्हणाला, आपल्याच लोकांवर आणखी येईल. पाटलांच्या सूनबाईनं दार उघडलंच नाही, आतून सांगितलं, "आमचा सत्तूर न्हवताच त्यात." तिच्या सत्तुराची मूठ मी स्वतः तिच्या हातातून घेतली होती.

रंगाअण्णा मात्र बसा म्हणाले. चहासुद्धा केला.

"जैतून, तुला कळंना का?" ते म्हणाले. "मी सही करून बसलोय. आता सुरं माझं म्हटलं तर मीच आत. चेअरमनकी हाय, संस्था हाय. चांदभाईचं काय, त्यो गरीब माणूस, जज्ज सोडंल त्याला."

"गरीब म्हणून सोडतात व्हय, अण्णा?"

"बोलायला लई शिकलीस."

"चौथीपतुर शिकलेय. बोलायला तेवढं पुरतं."

अब्बांनी माझं मनगट दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तोंड आवर, बेटा. गावात राहायचंय." मी आवरलं. आवरलेलं कुठं जात नाही, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्षभरात माझं लग्न झालं. नवरा दिलावर, नात्यातलाच, अब्बांचा दूरचा भाचा. चाळीस कोसांवर कासारठाण्यात त्याचं दुकान, मोटारीवर चालणारं चाक. सकाळी तो बाजारात फिरून माल आणायचा, चाकावर मी बसायचे. तोंडावर ओढणी बांधलेली, कारण लोखंडाची भुकटी नाकात जाते. डोळे तेवढे दिसायचे.

खटल्याला दोन वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. दुपारी एक माणूस दुकानासमोर येऊन थांबला. साधा शर्ट, साधी पँट, मागं रिक्षात एक पोतं. रिक्षावाल्यानं पोतं उतरवलं.

"ह्याला धार लावायची. अर्जंट."

आवाज ऐकला आणि कळलं, हा खोचरे. मी मान वर केली नाही. पोत्याचं तोंड सोडलं. सगळ्यात वर शिंगाच्या मुठीचा सुरा होता, पितळी कड्याचा. खाली खाटकाचा सत्तूर, त्याच्या मुठीला अब्बांनी बांधलेली हिरवी चिंधी. अब्बांना लिहिता येत नाही, ते चिंध्या बांधून घरं लक्षात ठेवतात. लाल चिंधी, पिवळी चिंधी, दोन गाठींची निळी चिंधी. तेवीस. मी न मोजता मोजली.

"खानावळीचं हाय," तो म्हणाला. "किती वेळ लागंल?"

दिलावर आत जेवत होता. तिथूनच ओरडला, "उद्या या म्हणावं!"

"न्हाई, न्हाई. आजच पायजे."

"आत्ताच देते," मी म्हणाले. "बसा, भाऊ."

भाऊ म्हटलं मी त्याला. स्टूल दिलं. तो बसला आणि रुमालानं मान पुसत राहिला. त्यानं माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. फाट्यावर ज्या पोरीची फडकी त्यानं काठीवर नाचवली तिचे डोळे त्याला ओळखू आले नाहीत. ओळखणार कसे? त्यानं डोळे बघितलेच कुठं होते!

तो इतक्या लांब का आला हे मला नंतर बाईंकडून कळलं. पुढच्या तारखेला मुद्देमाल कोर्टात उघडायचा होता. सरकारी वकिलानं त्याला विचारलं होतं, "पंचनाम्यात धारदार लिहिलंय, आहे ना?" तो जाऊन बघतो तर एकाही पात्यानं दोरा तुटेना. आपल्या तालुक्यात लावून घेतली तर बोभाटा होणार, म्हणून साहेब चाळीस कोस आले. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. शिकलगाराची सोयरीक शिकलगारातच होते. या जिल्ह्यात चाक कुठलंही असो, त्यावर बसणारा अब्बांचा भाचा असतो, पुतण्या असतो, नाहीतर जावई. तो कुठल्याही दुकानात गेला असता तरी आमच्याच घरात गेला असता. नशिबानं तो माझ्या पुढ्यात आला.

मी चाक सुरू केलं.

खरं सांगते, पहिला सुरा हातात घेतला तेव्हा न्याय वगैरे माझ्या डोक्यात नव्हता. तो हाताच्या अंतरावर बसला होता, मान पुसत. पण सुऱ्याला धार नव्हती. मला हसू आलं ते ओढणीत राहिलं. मग मी कामाला लागले, आणि काम करता करता डोकं थंड झालं. थंड डोक्याचा राग कधी बघितलाय का? त्याला घाई नसते.

मोटारीच्या चाकावर पातं तापतं, तापलं की धार टिकत नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला आम्ही चाकावरूनच देतो. त्याला मी तसं दिलं नाही. प्रत्येक पातं चाकावरून काढून पाण्यात घातलं, मग तेलाच्या दगडावर घासलं, मग चामड्यावर फिरवलं. न्हाव्याच्या वस्तऱ्याला लावत नाहीत अशी धार मी सत्तुराला लावली. आणि प्रत्येक पात्यावर मुठीजवळ दोन बोटं जागा सोडली. तिथं जुना गंज, जुना बोथटपणा जसाच्या तसा ठेवला. शिकलगाराला ते लगेच दिसलं असतं. त्याला दिसलं नाही.

तीन तास गेले. शेवटचं पातं झालं तेव्हा त्यानं ते हातात घेऊन रिक्षाच्या सीटचा निघालेला एक दोरा कापला. दोरा तुटल्याचं त्याच्या हाताला कळलंसुद्धा नाही.

"हात चांगला हाय तुझा," तो म्हणाला. "कुणाकडनं शिकलीस?"

"बापाकडनं."

"बरं, बरं." आणि गेला.

दिलावर झोपेतून उठून बाहेर आला. "एवढा वेळ? कोण होता?"

"गिऱ्हाईक."

मी त्याला सांगितलं नाही. तो भला माणूस आहे, पण भला माणूस घाबरतो. चाक बंद करून मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि शिरगुप्पेबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तू लावून दिलीस?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, ते तुझ्या अंगाशी येईल. मुद्देमाल आहे तो."

"त्यानं आणला. मी गिऱ्हाइकाचं काम केलं."

"त्याला विचारायचं नाहीस की कुठून आणलं?"

"मी विचारलं असतं तर तो उठून गेला असता."

मग त्यांनी हळूच विचारलं, "धार कितपत आहे?"

"पंचनाम्यात लिहिलंय ना बाई, तेवीस पात्यांवरून अंगठा फिरवून खात्री केली म्हणून?"

"लिहिलंय."

"मग त्याला परत फिरवायला सांगा."

बाई पहिल्यांदा हसल्या. घोगरं, खोकल्यासारखं.

तारखेला आधी पंच उभे राहिले. रंगाअण्णांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता, खिशाला पेन. शपथ घेतली. हो, माझ्यासमोर जप्ती झाली. हो, सही माझी.

शिरगुप्पेबाईंनी पोत्यातून पितळी कड्याचा सुरा काढून त्यांच्यापुढे धरला. "हा कुणाचा?"

"मला म्हाईत न्हाई."

"तुमचा तर नाही?"

"न्हाई."

"नीट बघा, थोरवत. शपथेवर आहात. जत्रेसाठी आरोपीकडं धारेला दिलेला हा तुमचाच सुरा नाही?"

रंगाअण्णांनी सुरा बघितला नाही, अब्बांना बघितलं. अब्बा आरोपीच्या जागी हात जोडून उभे होते. दोन वर्षं ते कोर्टात तसेच उभे राहत. कुणी सांगितलं नव्हतं तरी हात जोडून.

"माझा न्हाई," रंगाअण्णा म्हणाले. "शपथेवर सांगतो."

मग खोचरे आला. वर्दी कडक इस्त्रीची. बाईंनी पंचनामा वाचून दाखवला. 'सदर पात्यांवरून अंगठा फिरवून पाहता सर्व पाती अत्यंत धारदार असल्याची खात्री झाली.'

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय."

"तेवीसच्या तेवीस पात्यांवरून अंगठा फिरवलात?"

"होय."

"कसा ते न्यायालयाला दाखवा. हे एकच घ्या."

सरकारी वकील उठले. जज्जसाहेबांनी त्यांना बसवलं आणि खोचरेला म्हणाले, "जपून."

खोचरे थांबला. धार कुठली आहे हे त्याला ठाऊक होतं. पण फिरवला नाही तर पंचनामा खोटा, आणि समोर सगळं कोर्ट. त्यानं बारीक हसून अंगठा ठेवला आणि हलकेच ओढला. लांबीला, फाट्यावर ओढला होता तसाच. हलका होता त्याचा हात, पण धारेला हलकं-जड कळत नाही. आधी काहीच दिसलं नाही. मग कठड्यावर एक थेंब पडला, मग धारच लागली. त्यानं अंगठा मुठीत धरला. रक्त मनगटावरून इस्त्रीच्या बाहीत गेलं.

मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, तिथून सगळं दिसत होतं. मी डोळे मिटले नाहीत. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"असं तेवीस वेळा केलंत," बाई म्हणाल्या, "आणि त्या दिवशी तुमच्या बोटाला काही झालं नाही?"

"त्या... त्या दिवशी जपून केलं हुतं."

"आज जपून नव्हतं केलं?"

कुणीतरी मागं फिसकलं. साहेबांनी वर पाहिलं, शांत झालं. खोचरेला रुमाल दिला गेला. त्यानंतर माझं नाव पुकारलं. मी ओढणी बांधून आत गेले, बांधूनच उभी राहिले आणि मग सोडली. खोचरे दारापाशी बसून अंगठ्याला पट्टी बांधून घेत होता. त्याचे हात थांबले. आधी त्यानं दुकानवालीला ओळखलं. आरोपी तुमचे कोण, असं बाईंनी विचारलं आणि मी "वडील" म्हणाले, तेव्हा त्यानं फाट्यावरच्या पोरीलाही ओळखलं.

मी सगळं सांगितलं. सरकारी वकील माझ्यावर धावून आले.

"तुम्ही आरोपीची मुलगी. बापाला सोडवायला खोटं बोलताय."

"पाती बघा, साहेब. मुठीजवळ दोन बोटं मी सोडलीयत. तिथं जुना गंज आहे आणि पुढं चकचकीत. दोन वर्षं एका पोत्यात पडलेलं लोखंड अर्धं गंजतं आणि अर्धं नाही, असं कुठं असतं का?"

"ओळखलं होतं तर पोलिसांत तक्रार का नाही दिली?"

"कुणाची? पोलिसाची पोलिसांत?"

साहेबांनी चष्मा पुसून एक-एक पातं खिडकीच्या उजेडात धरलं. तेवीस. सगळ्या कोर्टाला बसवून ठेवलं त्यांनी. मग टायपिस्टला काहीतरी हळू आवाजात सांगायला लागले आणि मला त्यांचे ओठ वाचता येईनात. पण शिरगुप्पेबाईंनी टेबलाखाली मूठ आवळलेली मला दिसली.

अब्बा सुटले. खोचरेच्या चौकशीचा हुकूम झाला, पुढं त्याची फीत उतरली, बदली कुठंतरी लांब झाली. लोक मला म्हणतात, बरं फेडलंस. मी म्हणते, एका अंगठ्यावर भागलं त्याचं. दिलावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला सांगायचं तरी." मी म्हणाले, "सांगितलं असतं तर लावू दिली असतीस?" त्यानं चाक सुरू केलं. ते त्याचं उत्तर होतं.

अपिलाची मुदत संपल्यावर कोर्टानं मुद्देमाल अब्बांना परत दिला. मी आणि दिलावर हिवरद्याला गेलो होतो. अब्बांनी पोतं अंगणात मोठ्या चाकाशेजारी ठेवलं होतं आणि चिंध्या बदलत बसले होते. जुन्या विटल्या होत्या. लाल तिथं लाल, निळी तिथं निळी. अठरा घरं त्यांना अजून पाठ होती.

"परत द्यायची?" मी विचारलं.

"लोकाची वस्तू हाय, बेटा."

खबर लागली होती. दुपारी पहिले आले ते रंगाअण्णा. हसत आले, मोटारसायकल दारातच लावली.

"सुटलास बाबा एकदाचा, चांदभाई! मला तर पयल्यापास्नं खात्री हुती. मी म्हणायचो घरात, चांदभाई तसला माणूस न्हवं."

"बसा, अण्णा," अब्बा म्हणाले.

"बसत न्हाई. नातवाचं जावळ हाय रविवारी, बकरं कापायचंय. ते आमचं दोन सुरं तेवढं दे."

अब्बांनी पोत्यातून पितळी कड्याचे दोन सुरे काढले, पुसले आणि रिवाजाप्रमाणे मूठ गिऱ्हाइकाकडे करून पुढं धरले. रंगाअण्णांनी एक घेऊन उन्हात फिरवला.

"वा! काय धार हाय रं! जैतूननं लावली ती हीच न्हवं? कोर्टात बघितलं की आमी."

"अण्णा," मी म्हणाले, "हे सुरे तुमचे?"

"मग कुणाचं? कडं बघ की. आमच्या थोरल्या आजाच्या येळचं हाय."

"शपथेवर तुम्ही तुमचे नाहीत म्हणालात."

"अगं पोरी," ते हसले, "ते कोर्टातलं बोलणं. ते कोर्टातच सोडून यायचं असतंय. गावात कुणी असलं धरून बसतंय व्हय?"

मी हात पुढं केला. "जरा द्या. मुठीजवळचं काम राहिलंय."

त्यांनी दोन्ही सुरे दिले. मी मोठ्या चाकापाशी बसले. त्या चाकाला मोटार नाही, पट्टा ओढायला दुसरं माणूस लागतं. दिलावर बसला. चाक घुमायला लागलं आणि मी सुरा आडवा धरला नाही. उभा धरला. धार सरळ दगडावर टेकवली.

असला आवाज दगडाचा कधी येत नाही. ठिणग्या अंगणभर उडाल्या.

"अगं अगं! काय करतीस?" रंगाअण्णा ओरडले. "धार घालवलीस की!"

"तुम्ही दिला तेव्हा कुठं होती? जसा दिला होता तसा घेऊन जा."

"जैतून, बास," दिलावर म्हणाला आणि त्यानं पट्टा सोडला. चाक मंदावत मंदावत थांबायला आलं. माझ्या हातात सुरा, अर्धी कड सपाट.

"चांदभाई," रंगाअण्णा अब्बांकडे वळले, "पोरीला आवर की रं! सगळं गाव बघतंय."

बघत होतं खरं. कुंपणापलीकडे खाटीक होता, पाटलांची सूनबाई होती, आणखी चार-पाच जण आपापली पाती न्यायला आलेले. अब्बा जागचे उठले. मला वाटलं, हात धरतील, मनगट दाबतील, तोंड आवर म्हणतील.

त्यांनी दिलावरला खांद्याला धरून बाजूला केलं. स्वतः बसले, धोतराचा सोगा मांडीखाली खोचला आणि पट्टा दोन्ही हातांनी धरला. दम्याचा माणूस, पण त्यांनी असा काही ओढा दिला की चाक एका फेरीत घुमायला लागलं. मी पहिला सुरा संपवला. दुसरा संपवला. रंगाअण्णांच्या हातात दिले. ते दोन लोखंडी पट्ट्या धरून उभे राहिले, कुणाकडे बघावं ते त्यांना कळेना.

अब्बांची मान वर होती. पट्टा न थांबवता त्यांनी कुंपणाकडे एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग मला म्हणाले,

"जैतून, बाकीची एकवीस आण."